पावसाळी भटकंतीसाठी हातातलं जीपीएस: फोन असताना घ्यावं का?

वाळपईकर · ३ जून, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचक आहे, हा माझा पहिलाच धागा. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

गेल्या ऑगस्टात आम्ही चौघे गोव्यातल्या सुर्लाच्या सड्यावर (डोंगरमाथ्यावरच्या कातळ पठारावर) गेलो होतो. सकाळी नऊला निघालो तेव्हा लख्ख ऊन होतं. अकराच्या सुमाराला खालून दरीतून धुकं चढलं आणि पाच मिनिटांत वीस पावलांवरचा माणूस दिसेना. सडा कसा असतो ते तुम्हाला माहीतच आहे. सगळीकडे तोच काळा कातळ, तेच गुडघाभर गवत, आणि गुरांच्या दहा वाटा दहा दिशांना. फोनवर नकाशा उतरवून ठेवला होता म्हणून मी निर्धास्त. पिशवीतून फोन काढला आणि गंमत सुरू झाली. पावसाचे थेंब पडद्याला बोटंच वाटत होते! नकाशा आपोआप मोठा होतोय, लहान होतोय, सरकतोय. एकदा तर थेट अरबी समुद्रात जाऊन थांबला. पुसायला जावं तर शर्ट ओला, रुमाल ओला. शेवटी एकाच्या बनियनचा काखेतला कोरडा कोपरा सापडला, त्याने पुसून पुसून दिशा बघितली. ती पण चुकीची. धनगराच्या म्हशींच्या घंटा ऐकू आल्या म्हणून त्यांच्या मागे उतरलो, ते गाडीपासून तीन किलोमीटर लांब.

आता पाऊस दारात आहे. बटणांचं, हातात धरायचं जीपीएस घ्यावं असं मनात आहे. घरी म्हणतात फोन आहे तर हे कशाला. कुणी वापरतं का? कुठलं घ्यावं? आणि आपल्या रानात, झाडांखाली ते खरंच चालतं का?

कुळागर · ३ जून, रात्री १०.०५

पैसे वाचवा. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, नुसतं आकाश लागतं. फोन विमान मोडवर टाका, नकाशा घरीच उतरवा, सोबत पॉवर बँक. ऑस्मअँड किंवा ऑर्गॅनिक मॅप्स, नकाशाची ही दोन्ही ॲप फुकट मिळतात. ऑस्मअँडमध्ये आवाजाच्या बटणांनी झूम करायची सोय आहे, ती चालू करा म्हणजे पडद्याला हात कमी लागेल. मी सहा वर्षं फोनवरच फिरतोय. नेत्रावळी, काणकोण, कुठेच अडलो नाही.

शमा_मडगाव · ३ जून, रात्री १०.२२

त्या सहा वर्षांत पावसाळ्यात किती वेळा?

कुळागर · ३ जून, रात्री १०.३१

बरं बाई, पावसाळ्यात कमीच. बहुतेक डिसेंबर ते फेब्रुवारी. 😄

डोंगरकाका · ४ जून, सकाळी ६.५०

वाळपईकर, सविस्तर लिहितो. चहा घेऊन बसा.

माझी नोकरी नकाशे काढण्यातच गेली आणि हातातलं जीपीएस मी बावीस-तेवीस वर्षं वापरतोय. मे २००० पर्यंत अमेरिकन सरकार नागरी वापराच्या लहरींत मुद्दाम चूक घालत असे, शंभर मीटरपर्यंत इकडचं तिकडे. २ मे २००० ला ती चूक बंद झाली आणि सामान्य माणसासाठी हे यंत्र कामाचं झालं. आता मोकळ्या सड्यावर कुठलंही बरं यंत्र तीन ते पाच मीटरच्या आत जागा दाखवतं, फोनसुद्धा. म्हणजे तुमच्या फोनला जागा कळत होती. ती तो तुम्हाला दाखवू शकत नव्हता, एवढंच. त्यामुळे तुमचा खरा प्रश्न अचूकतेचा नाहीच. ओल्या हातांनी, धुक्यात, दिवसभर वाचता येईल असं काय, हा प्रश्न आहे.

आता रानाचं. उपग्रह वीस हजार किलोमीटरवर. तिथून येणारी लहर फार क्षीण असते, ओली पानं तिला आणखी खातात. वर दरीत एका बाजूला कडा असला की लहर कड्यावर आपटून उशिरा पोचते. यंत्राला वाटतं, उपग्रह लांब आहे. मग जागा सरकते. दाट झाडीत, व्हाळाच्या (ओढ्याच्या) घळीत पंधरा-वीस मीटरची चूक मी रोज बघितली आहे, कधी त्याहून जास्त. यावर उपाय दोन. एक, अमेरिकेच्या जीपीएसबरोबर रशियाचं ग्लोनास आणि युरोपचं गॅलिलिओही ऐकणारं यंत्र. जागा काढायला निदान चार उपग्रह लागतात, आकाशाचा तुकडा लहान असला तरी ते सापडण्याची शक्यता वाढते. दोन, एल-१ आणि एल-५ अशा लहरींच्या दोन पट्ट्यांवर ऐकणारं यंत्र. ते आपटून आलेली लहर बरीचशी ओळखतं. मात्र महाग पडतं.

खरेदीचं म्हणाल तर गार्मिन कंपनीची नावं घेतो, कारण मी तीच वापरली आहेत, जाहिरात समजू नका. ईट्रेक्स २२एक्स आणि ३२एक्स ही धाकटी भावंडं, २०१९ सालची. रंगीत पडदा सव्वादोन इंची, दोन डबल ए पेन्सिल सेल, कंपनीच्या म्हणण्यानुसार पंचवीस तास. ३२एक्समध्ये होकायंत्र आणि हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक जास्तीचा आहे, २२एक्समध्ये ही दोन्ही नाहीत. त्यांच्यापेक्षा नवं ईट्रेक्स एसई, २०२३ चं. पडदा काळापांढरा, सेल १६८ तास, पण आत नकाशा नाही, नुसती चाललेल्या वाटेची रेघ आणि जागांच्या खुणा. त्यावरचं जीपीएसमॅप ६५एस दोन पट्ट्यांवर ऐकतं, पडदा मोठा, पण सेल सोळाच तास. आणि ६७ मध्ये आतली बॅटरी, १८० तास. ते मी फक्त दुसऱ्याच्या हातात पाहिलंय, आणि हेवा वाटला.

माझं मत विचाराल तर ३२एक्स. जुनं मिळालं तरी घ्या. पेन्सिल सेल वाळपईच्या बाजारातही मिळतात, ही मोठी गोष्ट आहे.

शमा_मडगाव · ४ जून, सकाळी ८.१५

काकांना अनुमोदन, पण २२एक्स घेणाऱ्यांसाठी एक सांगते, कारण माझ्याकडे तेच आहे. होकायंत्र नसलेलं यंत्र तुम्ही चालत असतानाच दिशा सांगू शकतं. दोन जागांची तुलना करून ते ठरवतं की तुम्ही कुठे चाललात. उभं राहिलात की बाण वेड्यासारखा फिरतो. पहिल्या वर्षी हे मला माहीतच नव्हतं. काणकोणात गावडोंगरीच्या वरच्या रानात मी थांबले की बाण बघायचे, बाण फिरायचा, मी पण त्याच्याबरोबर गोल फिरायचे. सोबतची मुलं म्हणाली, ताई, तुझ्यात देव आला काय! दहा-पंधरा पावलं सरळ चालायचं, मग बघायचं. बस्स.

दुसरी चूक त्याच दिवशीची. परतताना गाडीच्या खुणेवर 'गो टू' दाबलं. बाण म्हणाला समोर, अंतर एकशे ऐंशी मीटर. मी खूश. झाडीतून वाट काढत गेले तर पुढे जमीनच संपली. खाली व्हाळ, पलीकडच्या काठावर गाडी, आणि मधल्या खाचेत माडाच्या उंचीचा सरळ कडा. यंत्र खोटं बोललं नव्हतं. पक्षी असते तर एकशे ऐंशी मीटरच होतं. आल्या वाटेने परत फिरून पूल गाठायला सव्वा तास लागला.

तेव्हापासून 'गो टू' नाही, 'ट्रॅकबॅक'. सकाळी निघताना जी रेघ उमटायला लागते तिच्यावरूनच परत यायचं. पण त्यासाठी सकाळी यंत्र चालू करायला हवं, वाट चुकल्यावर नव्हे. हे लोकांना पटत नाही. सेल वाचवायला बंद ठेवतात आणि हरवले की चालू करतात. मग त्याला तरी काय कळणार, बिचाऱ्याला!

दिगंत_फोंडा · ४ जून, दुपारी १.४०

जीपीएससारखं आपलं स्वदेशी नाविक चालतं का यात? कारगिलच्या वेळेला अमेरिकेने जीपीएस दिलं नाही म्हणून आपण ते बनवलं असं ऐकलं होतं.

डोंगरकाका · ४ जून, दुपारी ३.०५

दिगंत, नाविकचे जुने उपग्रह एल-५ आणि एस या पट्ट्यांवरच बोलतात. नेहमीच्या हातातल्या यंत्रांचे कान एल-१ वर. मे २०२३ मध्ये गेलेल्या एनव्हीएस-०१ पासून एल-१ वरही लहर सुरू झाली. जानेवारी २०२५ चा एनव्हीएस-०२ मात्र ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही. काही नवे फोन नाविक ऐकतात. वर सांगितलेल्या ईट्रेक्सच्या खरेदीत त्याचा विचार नको.

पणजीचो_सायबा · ५ जून, सकाळी ११.२०

मधेच घुसतो. माझा भाऊ दुबईला असतो. तो म्हणतो, असली यंत्रं जुनी झाली, एसओएसचं बटण असलेलं घे, नेटवर्क नसलं तरी उपग्रहावरून मेसेज जातो. ख्रिसमसला येताना आणू का विचारतोय. आमच्या ग्रुपला एक बरं पडलं असतं.

शमा_मडगाव · ५ जून, सकाळी ११.२६

अजिबात नको!!! आजच फोन करून सांगा.

डोंगरकाका · ५ जून, दुपारी १२.१०

सायबाबाब, शमाताई ओरडली ते बरोबर आहे. जीपीएस नुसतं ऐकतं. तुमचा भाऊ म्हणतो ते यंत्र उपग्रहाशी बोलतं, आणि कायद्याने सगळा फरक तिथेच पडतो. इरिडियम किंवा थुराया या उपग्रहांच्या जाळ्यांवर चालणारं काहीही दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय भारतात बाळगणं गुन्हा आहे. फोन असो नाहीतर मुठीत मावणारं मेसेजचं यंत्र. गार्मिनचं मेसेजचं यंत्र इनरीच, तेही इरिडियमवर चालतं. बाहेरदेशी ते दुकानात सर्रास मिळतं, म्हणून लोकांना कल्पनाच नसते. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्याच गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी धावपटूला बॅगेतल्या अशाच यंत्रापायी पोलीस, कोर्ट, दंड असं सगळं सोसावं लागलं. पेपरात आलं होतं.

जुनं यंत्र घेतानाही नावाचं शेपूट बघा. ६६आय, ६७आय असं शेवटी 'आय' असेल तर आत इनरीच बसवलेलं आहे. नुसतं ६७ निराळं, ६७आय निराळं. कुणी स्वस्तात देतोय म्हणून भुलू नका.

पणजीचो_सायबा · ५ जून, दुपारी १२.४४

देव बरें करूं काका. भावाला सांगितलं, खजूरच आण.

खाणीवयलो · ५ जून, रात्री ९.१५

यंत्रावर बरंच झालं, नकाशावर कुणीच बोलत नाही. मी डिचोलीचा, खाणपट्ट्यात वाढलो. ओपनस्ट्रीटमॅपचा फुकट नकाशा आपण गार्मिनमध्ये घालतो, तो बराचसा लोकांनी घरी बसून उपग्रहाच्या फोटोवरून रेघा ओढून केलेला असतो. फोटोत खाणीचा रस्ता हमरस्त्यासारखा दिसतो, रुंद, लाल, सरळ. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मधे सुरू झाल्या, २०१८ ला पुन्हा बंद. रस्ते मात्र नकाशात तसेच. गेल्या वर्षी सांग्याच्या बाजूला असाच एक रस्ता धरला. पहिला अर्धा किलोमीटर झकास. मग त्यावर माझ्यापेक्षा उंच रान. मग रस्ता एका वळणावर सरळ पाण्यात गेला. सोडून दिलेला खड्डा, हिरवंगार पाणी, किती खोल ते देव जाणे. यंत्राच्या पडद्यावर मात्र रस्ता पाण्यातून पलीकडे मजेत चाललेला.

म्हणून सांगतो, रेघ दिसली म्हणजे वाट आहे असं धरू नका. उंचीच्या रेषा घातलेला नकाशा घ्या आणि आधी त्या वाचायला शिका. रस्ता खोटा निघेल, डोंगर नाही निघणार. आमच्याकडे डोंगरही कापलेत म्हणा, ते सोडा.

डोंगरकाका · ६ जून, सकाळी ६.३५

खाणीवयलो, झकास लिहिलंत. यात माझी भर. काही मंडळी सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने, पन्नास हजारी टोपोशीट (उंचीच्या रेषांचे सरकारी नकाशे) स्कॅन करून त्यावरून आकडे काढतात. जुनी शीट पृथ्वीच्या 'एव्हरेस्ट' नावाच्या जुन्या गणिती गोलावर बेतलेली, जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या नव्या गोलावर. गोव्यात या दोघांत शंभरेक मीटरचा फरक पडतो. शीटवर देऊळ व्हाळाच्या अलीकडे आणि यंत्रात पलीकडे, असं झालं तर दोष ना देवळाचा ना यंत्राचा. यंत्राच्या सेटिंगमध्ये 'मॅप डेटम' असतं, ते जुन्या शीटपुरतं बदलता येतं. पण काम झालं की परत डब्ल्यूजीएस-८४ वर आणा. मी एकदा विसरलो आणि महिनाभर सगळ्या खुणा वाकड्या घेतल्या.

होमस्टेवाली · ६ जून, सकाळी १०.००

आमचं चोर्ल्याच्या पायथ्याशी छोटं होमस्टे आहे. पाहुणे हरवतात आणि फोन मला करतात. गेल्या पावसात एकाने कसंबसं एक काडी नेटवर्क पकडून आकडे पाठवले, १५.३६५. मी नकाशात घातले तर मुलगा धारबांदोड्याच्या बाजूला! म्हटलं सकाळी तर माझ्याकडे भाकरी खाल्ली, दुपारी तिथे कसा पोचला? मग लक्षात आलं. त्याच्या यंत्रावर १५ अंश ३६.५ मिनिटं होतं, त्याने मधली खूण गाळून पाठवलं. अंशाची मिनिटं साठ असतात, शंभर नव्हेत. एवढ्याशा चुकीने सत्तावीस किलोमीटर. वेळ रात्रीची असती तर आम्ही गाड्या घेऊन तिकडे गेलो असतो.

आता मी पाहुण्यांना निघण्यापूर्वी एकच विचारते, तुझं यंत्र आणि माझा फोन एकच आकडा दाखवतात का? दोन्ही शेजारी ठेवून बघायचं. आणि वाटेचा कागद माझ्याकडे ठेवून जायचं. नेटवर्क मिळालं तर आधी ११२, मग मी.

वाळपईकर · ६ जून, रात्री ८.३०

सगळ्यांचे आभार. एवढं येईल असं वाटलं नव्हतं. उंचीमापकाचा खरंच उपयोग होतो का? त्याच्यासाठीच ३२एक्सचे पैसे जास्त पडताहेत.

डोंगरकाका · ६ जून, रात्री ९.२०

होतो. उपग्रहावरून काढलेली उंची नेहमीच कच्ची. फोनची गंमत करून बघा. काही ॲप ही उंची तशीच, न सुधारता दाखवतात. मिरामारच्या वाळूत उभे राहिलात तरी आकडा उणे पन्नासाच्याही खाली. तुम्ही बुडालेले नसता. पृथ्वीचा आकार म्हणून गणितात जो गुळगुळीत गोल धरतात, त्याच्या बराच खाली आपल्याकडचा समुद्र आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला तर शंभर मीटरहून खाली. जगात सर्वांत खोल तिथेच.

दाबावरचा उंचीमापक बारीक फरक पकडतो, दर आठ-साडेआठ मीटरला एक मिलिबार. सकाळी माहीत असलेल्या उंचीवर तो जुळवून घ्या. मग उंचीच्या रेषांशी ताडून, डोंगराच्या धारेवर तुम्ही नेमके कुठे ते कळतं, झाडीत जागा सरकत असली तरी. दुसरा फायदा असा की जेवायला बसला आहात, हललेला नाहीत, आणि उंची आपोआप वीस-तीस मीटरनी वाढली, तर तुम्ही चढलेला नाहीत, हवेचा दाब उतरलाय. डबे आवरा आणि व्हाळ ओलांडायचा असेल तर लवकर ओलांडा.

कुळागर · ६ जून, रात्री ९.४५

काका, हे मात्र माझ्या फोनला येत नाही. (आत्ताच बघितलं. येतं! दाबमापक आहे आत. पण थेंबांचं काय ते राहिलंच.)

शमा_मडगाव · ७ जून, सकाळी ७.५०

सेलबद्दल लिहायचं राहिलं. चार्ज होणारे चांगले निकेल सेल घ्या, दोन जोड्या, आणि यंत्राच्या सेटिंगमध्ये सेलचा प्रकार बदला. नाहीतर ते अल्कलाइन धरून चालतं आणि अर्ध्यावरच 'संपले' म्हणून रडतं. पाऊस संपला की सेल काढून ठेवा. मी एकदा नाही काढले. तीन महिन्यांनी झाकण उघडलं तर आत हिरवट-पांढरा चुना आणि स्प्रिंग गंजून गेलेली. सेल स्वस्तातले होते, चूक माझीच. टूथब्रशवर व्हिनेगर घेऊन घासलं, नंतर कोरडं केलं, वाचलं नशिबाने. आपल्या हवेत कपाटात चामड्याची चप्पल बुरसते, तिथे यंत्राचं काय. माझं आता तांदळाच्या डब्यात असतं. सासूबाई म्हणतात, कुठल्या तरी दिवशी शिजवशील.

आणि दोरी. गळ्यातली नको, झाडीत अडकते. पाठपिशवीच्या पट्ट्याला बांधा. पाण्यात अर्धा तास टिकतं हे खरं, पण व्हाळातून वाहून गेल्यावर ते कोरडं आहे याचा आनंद कोणाला?

रानवाटो · ७ जून, सकाळी ११.१०

माहिती मस्त. आता सगळ्यांनी आपापले जीपीएक्स ट्रॅक (वाटेच्या रेघेच्या फायली) इथे टाका ना. सत्तरीतले, नेत्रावळीतले अनवट धबधबे हवेत. एकाच जागी सगळं मिळालं तर सगळ्यांची सोय.

खाणीवयलो · ७ जून, सकाळी ११.३२

नाही टाकणार. एका व्हाळाची रेघ मी चार वर्षांपूर्वी एका ग्रुपवर टाकली होती. पुढच्या पावसात तिथे रविवारी चाळीस गाड्या, काचा, चिप्सची पाकिटं. गावातल्या बायकांनी तिथे कपडे धुवायला जाणं सोडलं. माझ्या रेघेने झालं ते.

रानवाटो · ७ जून, सकाळी ११.४०

म्हणजे तुम्ही बघायचं, आम्ही नाही? रान काय तुमच्या माडांच्या भाटाचं?

होमस्टेवाली · ७ जून, दुपारी १२.०५

भांडू नका रे. पण ट्रॅक कुठल्या महिन्यातला ते कोण लिहितं? जानेवारीत कोरड्या व्हाळातून चालत काढलेली रेघ जुलैत घेऊन येतात. रेघ सरळ पाण्यातून जाते. २०२३ च्या जुलैत मैनापीला दोघे बुडाले आणि वनखात्याने अभयारण्यातल्या धबधब्यांवर बंदी घातली ती सगळ्यांना आठवत असेल. रेघेला पाऊस कळत नाही.

रानवाटो · ७ जून, दुपारी १२.२०

तारीख लिहा की मग. ट्रॅकमध्ये तारीख-वेळ आपोआप असतेच, बघणाऱ्याने उघडून बघावी. एखाद्याकडे वाटाड्या घ्यायला पैसे नसतात, ओळख नसते. चांगला ट्रॅक असेल तर तो कमी हरवेल.

शमा_मडगाव · ७ जून, दुपारी १.००

रानवाटोचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. मी स्वतः दुसऱ्याच्या ट्रॅकवरच शिकले.

संपादक · ७ जून, सायंकाळी ५.१५

इथे ट्रॅक टाकायला मनाई नाही, पण अभयारण्याच्या आतले असतील तर प्रवेश कुठून आणि परवानगी कुणाकडून ते लिहा, महिना लिहा. लोहमार्गावरून दूधसागरला नेणारे ट्रॅक काढून टाकले जातील. रूळांवरून चालणं रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि पोलिसांनी उठाबशा काढायला लावलेले व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. 'भाटाचं' वगैरे वैयक्तिक नको.

वाळपईकर · २७ जुलै, रात्री १०.३०

मंडळी, धागा वर काढतो. जुनं ३२एक्स घेतलं, बेळगावच्या एका भटक्याकडून. पहिल्या दिवशी अंगणात मोकळ्यावर पंधरा मिनिटं नुसतं ठेवलं, उपग्रहांचं पंचांग (कुठला उपग्रह कधी कुठे ते) पूर्ण उतरेपर्यंत. नकाशा घातला, सेलचा प्रकार बदलला, होमस्टेवाली ताईंच्या सांगण्यावरून माझ्या आणि बायकोच्या फोनशी आकडे जुळवले. होकायंत्र जुळवायला ते हातात धरून गोल-गोल फिरवायचं असतं, ते अंगणात करत होतो तर शेजाऱ्यांनी विचारलं, दृष्ट काढतोस काय?

सुर्लाला पुन्हा गेलो, मुद्दाम. धुकं आलंच. यावेळी सकाळपासून रेघ चालू होती. ओल्या हाताने, बोटं सुरकुतलेली, तरी बटणं दाबता आली. पडदा लहान वाटतो, चष्म्यावर थेंब असले की आणखी लहान. पण रेघेवरून एकेक पाऊल टाकत परत आलो, आणि धुक्यातून गाडीचा आरसा आधी दिसला, गाडी नंतर. खोटं सांगत नाही, मी गाडीला हात लावून बघितला.

एक उणं पण सांगतो. जेवायला झाडाखाली तासभर बसलो, तेवढ्या वेळात त्या रेघेचा कोळ्याच्या जाळ्यासारखा गुंता झाला आणि चाललेलं अंतर चारशे मीटरनी वाढलं. घरी सांगताना ते चारशे मीटर धरूनच सांगितले.

डोंगरकाका · २८ जुलै, सकाळी ६.४०

शाबास. जेवताना रेघ थांबवून ठेवता येते. पण मग उठल्यावर चालू करायला विसरतात. त्यापेक्षा गुंता परवडला.

वाळपईकर · २ ऑगस्ट, रात्री ९.०५

आणखी एक गंमत. आमचे मामा गुळेलीला असतात, वय सत्तरच्या वर. यंत्र आणल्यापासून हसत होते, मी जन्मभर रानात फिरलो, मला कधी डबी लागली नाही. परवा पहाटे पाचला मला उठवलं, म्हणाले, चल, आणि ती डबी घे. आमच्याच जुन्या कुमेरीच्या (डोंगरउतारावरच्या शेतीच्या) वर, बांबूच्या बेटामागे नेलं. रोयणीवर (वारुळावर) अळमी (रानातली अळंबी) उगवलेली, छत्र्या अजून मिटलेल्या, पांढऱ्याशुभ्र, ओंजळ-ओंजळ. मामांनी खुडून कुंभ्याच्या पानात घातली, मग म्हणाले, ही जागा ठेव त्यात. गुडघे आता साथ देत नाहीत, पुढल्या वर्षी तू एकटा येशील.

मी खूण घेतली. नाव लिहायला लागलो तर माझा हात धरला. म्हणाले, नाव नको. उद्या कुणाच्या हातात पडली तर? आकडाच राहू दे.

रानवाटो · २ ऑगस्ट, रात्री ९.१२

आकडा किती?

वाळपईकर · २ ऑगस्ट, रात्री ९.१५

मामांना विचारून सांगतो. 😄